रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल

हॉलमध्ये त्रेचाळीस खुर्च्या होत्या. माणसं बेचाळीस. समोर एक लांब टेबल, टेबलावर एक लाकडी पेटी. पेटीच्या डाव्या बाजूला पाण्याने भरलेलं काचेचं भांडं, उजव्या बाजूला तसंच दुसरं, पांढऱ्या पुडीने भरलेलं. एक वजनकाटा. दोन पंखे, त्यातला एक चालू. चार खिडक्या, चारही बंद. आणि दुसऱ्या रांगेत त्रेचाळिसावी खुर्ची. तिच्यावर माणूस नव्हता. नीट घडी घातलेला एक निळा टॉवेल होता.

धाकटीने हे सगळं बसल्याबसल्या मोजलं. शाळेत विज्ञानाची प्रॅक्टिकल घेणाऱ्या बाईला ही खोड लागतेच. मुली आत येताना परीक्षानळ्या मोजायच्या, बाहेर जाताना पुन्हा मोजायच्या. शेजारी तिची मोठी बहीण बसली होती, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठी. मांडीवर स्टीलचा एक छोटा डबा. तसाच डबा हॉलमधल्या बहुतेकांच्या मांडीवर होता, आणि प्रत्येक डब्यावर लाल रंगात एक आकडा. ताईच्या डब्यावर ६१०.

"दिवसाचं सगळं खाणं याच्यात?" धाकटीने हळूच विचारलं.

"हळू बोल. आणि आज फक्त बघ. एकदा बघ, मग काय ती अक्कल शिकव."

आकडेबाबा आले तसे सगळे उठून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ. जटा नाहीत, दाढी नाही. धाकटीला जरा वाईटच वाटलं. दाढी असती तर ताईला समजावणं सोपं गेलं असतं.

"बसा, बाळांनो," बाबा म्हणाले. "आज नवीन किती? पाच. छान. डॉक्टरकडे जाऊन आलात ना? डॉक्टर काय करतो? वजन विचारतो, उंची विचारतो, वय विचारतो. अरे, लग्न जमवायचंय का तुला?"

हॉल हसला.

"मग पुस्तकात बघतो आणि सांगतो, रोज इतक्या कॅलरी खा म्हणजे बारीक व्हाल. पुस्तक कोणाचं? लिहिणाऱ्याचं. पोट कोणाचं? तुमचं. तुमच्या पोटात अग्नी आहे. कुणाचा भट्टीसारखा, कुणाचा काडेपेटीतल्या काडीएवढा. काडीवर ओंडका ठेवला तर जळेल का? नाही जळणार. त्याची चरबी होईल. म्हणून आधी अग्नी मोजायचा."

त्यांनी पेटी उलटी केली, मागचं झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. आत दोन तारा आणि एक मीटर. बॅटरी नाही, भिंतीतून आलेली वायर नाही. वरच्या फळीवर धातूचे दोन पत्रे, एक तांबूस, एक करडा, आणि मधे पंधराशेपर्यंत आकडे लिहिलेली तबकडी. बाबांनी पत्र्यांवर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवली. सुई शून्यावर. मग एक गुळगुळीत दगड ठेवला. शून्य. मग स्वतःच्या खिशातला रुमाल. शून्य.

"मेलेल्याला ही ओळखत नाही," बाबा म्हणाले आणि पत्र्यांवर आपले दोन तळवे ठेवले. सुई सरसर चढत तेराशेवर जाऊन थांबली.

पाचही नव्या माणसांची तोंडं उघडी राहिली. खरं सांगायचं तर धाकटीही खुर्चीत पुढे सरकली. बॅटरीशिवाय सुई हलली होती, आणि ती कशी हलली हे तिला लगेच सुचलं नव्हतं.

नव्यांची पाळी झाली. टेबलापाशी उभी असलेली बाई प्रत्येकाच्या तळव्यांना आधी पांढरी पूड चोळायची. "शांतीची पूड" असं तिचं नाव. मग हात पत्र्यांवर. सहाशे चाळीस. पाचशे नव्वद. सातशे. आकडा ऐकला की माणूस मान खाली घालायचा. जुन्यांपैकी बेकरीवाल्याला मात्र बाबांनी प्रेमाने बोलावलं. हा दिवसभर पाव भाजायचा आणि त्यांच्या वासावर जगायचा. त्याचं वजन काट्यावर बरंच उतरलं होतं. "याला शुद्धीचं पाणी द्या," बाबा म्हणाले. बाईने त्याचे हात काचेच्या भांड्यात बुडवून काढले. सुई नऊशे ऐंशीवर गेली. टाळ्या पडल्या.

"बघा. श्रद्धेने अग्नी पेटला." बाबांनी श्वास घेतला आणि दुसऱ्या रांगेकडे बोट केलं. "आणि ती खुर्चीही बघा."

सगळ्यांनी निळ्या टॉवेलाकडे पाहिलं. एका बाईने पाहिलं नाही, टॉवेलाच्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंनी.

"आपले पोस्टमास्तर. मागच्या महिन्यात गेले. त्यांचा आकडा होता चारशे ऐंशी. मी निक्षून सांगितलं होतं, मास्तर, एक घास वर नको. पण मास्तर लपून बिस्किटं खात होते. अग्नी काडीएवढा, वर बिस्किटांची रास. हृदय दबलं. मला आनंद नाही होत हे सांगायला. पण ही खुर्ची इथे राहील, म्हणजे तुमची रिकामी होणार नाही."

काकू आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

मग ताईची पाळी आली. काट्यावर एकाहत्तर. मागच्या तीन खेपांना एकाहत्तरच होतं. बाबांनी नुसती मान हलवली, आणि पूडवाली बाई आपण होऊन पुढे झाली. ताईचे तळवे पांढरे झाले. सुई साडेचारशेवर थांबली.

"काय खाल्लंस, बाळ?"

"काही नाही, बाबा."

"सुई खोटं बोलते?"

हॉलमध्ये एकच पंखा कुरकुरत होता. धाकटीला ताईची मान मागून दिसत होती. मानेचा मणका पूर्वी कधी असा दिसला नव्हता.

"एक केळं," ताई म्हणाली.

"बघा. कबूल केलं की हलकं वाटतं." बाबांनी टेबलाखालून आणखी लहान डबा काढला, त्यावर बाईने ४५० लिहिलं, आणि तो ताईच्या हातात आला. मुठीत मावेल एवढा.

घरी परतताना ताई जिन्यावर दोनदा थांबली. स्वयंपाकघरात तिने नवा डबा ओट्यावर ठेवला आणि जुन्यातलं काय काय त्यात बसेल ते बघू लागली.

"केळं कधी खाल्लंस गं?" धाकटीने विचारलं.

"नाही खाल्लं."

"मग का सांगितलंस?"

"सुई उतरली ना. मीच कुठेतरी चुकले असणार."

ताईला हे खूळ गुडघ्यामुळे लागलं होतं. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात ती कटर होती, म्हणजे थप्पीने रचलेलं कापड मापात कापणारी. वीस-बावीस वर्षं उभ्याने कापड कापून उजवा गुडघा झिजला होता. सर्जन म्हणाला, ऑपरेशन करू, पण वजन अठ्ठ्याहत्तर आहे, ते अडुसष्टवर आण. एवढं बोलून तो पुढच्या पेशंटकडे वळला. कसं आणायचं हे सांगायला त्याच्याकडे वेळ नव्हता. वेळ आकडेबाबांकडे होता.

"हे बघ," धाकटी म्हणाली. "वजनाला दहाने गुण. सातशे दहा. उंची एकशे छप्पन्न सेंटिमीटर, तिला सव्वासहाने गुण. नऊशे पंचाहत्तर. दोन्हींची बेरीज सोळाशे पंच्याऐंशी. त्यातून वयाची पाचपट वजा कर, दोनशे तीस. बाईमाणूस म्हणून आणखी एकशे एकसष्ट वजा. राहिले बाराशे चौऱ्याण्णव कॅलरी. ताई, तू दिवसभर नुसती पलंगावर पडून राहिलीस ना, तरी तुझं हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत मिळून एवढं जाळतात. तू तर आठ तास उभी असतेस. तुझा खर्च एकोणीसशेच्या पुढे. त्यातून पाचशे कमी करायचे. चौदाशे-साडेचौदाशे खा. हळूहळू उतरशील."

"आणि हे सूत्र अगदी बरोबर असतं?"

"अगदी नाही. दहा टक्के इकडे तिकडे होतं. म्हणून दोन-तीन आठवडे खायचं, वजन बघायचं, मग आकडा थोडा हलवायचा."

"म्हणजे अंदाज." ताईने डबा बंद केला. "तुझ्या सूत्राला मी दिसत नाही, छोटे. माझ्या वयाची, उंचीची कुठलीही बाई चालते त्याला. त्यांचं यंत्र माझे हात धरतं. आणि आधी सात किलो उतरलेच ना?"

"उतरणारच. उपाशी राहिलं की आधी अंगातलं पाणी जातं, मग मांस जातं. चरबीबरोबर तेही वजनच असतं. आता तीन खेपा काटा का हलत नाही, बघायचंय?" धाकटी खाली बसली आणि ताईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतवल्यासारखा.

"मांस जातंय तेवढं इथे पाणी साठतंय." दोघी त्या खळग्याकडे बघत राहिल्या. तो भरून यायला बराच वेळ लागला.

"उभं राहून येते सूज," ताई म्हणाली आणि पाय साडीखाली घेतला.

चौथ्या दिवशी कारखान्यातून धाकटीच्या शाळेत फोन आला. ताई कापडाच्या थप्पीवर पालथी पडली होती. शेजारणीने कात्री वेळेवर ओढून घेतली होती, एवढंच नशीब.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. "रक्तातलं पोटॅशियम दोन पूर्णांक चार आहे. साडेतीनच्या खाली आम्ही काळजी करतो. हृदय मधेच ठोका चुकवतंय. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं." त्यांनी ताईच्या हातात एक दांडा दिला, मूठ आवळून किती जोर लागतो ते मोजणारा. ताईने दात आवळून दाबला. उजवा हात, नऊ किलो.

"यांच्या वयाला पंचवीसच्या आसपास पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काम काय करतात?"

"कापड कापते," धाकटी म्हणाली. "थप्पीच्या थप्पी. हाताने."

सर्जनलाही बोलावलं. त्याने सूज पाहिली, मांडी चाचपली आणि या वेळी जरा थांबून बोलला. "ऑपरेशननंतर पायावर उभं राहायला मांसात जोर लागतो. यांच्यात तो उरलेला नाही. मुठीची पकड वीसच्या वर येईपर्यंत मी हात लावणार नाही."

ताई छताकडे बघत होती. जेवणाचं ताट आलं तेव्हा तिने उशीखालून मुठीएवढा डबा काढला, त्यात मावलं तेवढं भरलं आणि बाकीचं ताट परत दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सलाईनमधून पोटॅशियम जात होतं, तोंडातून जवळजवळ काहीच नाही.

"मी ओरडून खायला घालू शकत नाही," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "एकदम घालताही येत नाही. इतक्या उपासानंतर अचानक पोटभर दिलं तर हृदयच बंद पडू शकतं. सातशेपासून सुरू करायचं, रोज रक्त तपासत वर न्यायचं. पण सुरू तर झालं पाहिजे. त्यांना कोण समजावू शकेल?"

ताईच्या पगारावर धाकटी शिकली होती. ताईने तिला कधी भूक कळू दिली नव्हती. आता ताई तिच्यासमोर उपाशी मरत होती, आणि सूत्रं, मार्क, पदवी यातलं काहीएक कामाला येत नव्हतं.

तिने डोळे मिटून पेटी पुन्हा आठवून पाहिली. दोन तारा. मीटर. एक पत्रा तांबूस. दुसरा करडा, त्याच्या कडेला पांढरट बुरशीसारखी पूड साचलेली. आणि मग तिला स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली. दरवर्षी नव्या मुलींना ती हेच करायला लावत असे: तांब्याची एक पट्टी, जस्ताची एक पट्टी, दोन्ही बटाट्यात खुपसायच्या, मीटर जोडायचं. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओलावा असला की वीज तयार होते. पेटीत बॅटरी नव्हती, कारण हात ठेवला की पेटीच बॅटरी व्हायची.

प्रयोगशाळेतून तिने दोन पत्रे आणि बारीक प्रवाह मोजणारं मीटर घेतलं आणि वॉर्डात ताईच्या पलंगावर मांडलं.

"हात ठेव." सुई थोडी चढली. धाकटीने ताईच्या तळव्यांना टाल्कम पावडर चोळली. "आता ठेव." सुई निम्म्याच्याही खाली आली. मग ओल्या, मिठाच्या पाण्याच्या बोळ्याने तळवे पुसले. "आता." सुई पहिल्याच्या दुप्पट वर गेली.

"पूड लावली की अग्नी विझला आणि पाणी लावलं की पेटला. एवढ्या वेळात तू काय खाल्लंस सांग. केळं?"

ताई हसली नाही. धाकटीने पिशवीतून भांडी घासायचा एक स्पंज काढला, नळाखाली ओला केला, मिठाचं बोट लावलं आणि दोन्ही पत्र्यांवर आडवा ठेवला. सुई टोकाला जाऊन आपटली.

"या स्पंजाला रोज किती कॅलरी लागतात ते विचार बाबांना."

ताईने मीटर बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "हे तू बनवलंयस. हे तुझं यंत्र आहे, त्यांचं नाही."

"ताई, तू कारखान्यात दर सोमवारी काय करतेस?"

"काय करते?"

"कापडाची टेप लोखंडी पट्टीला लावून बघतेस ना? का?"

"वापरून वापरून टेप ताणते. ताणलेल्या टेपने मापलं तर शंभर शर्ट वाया जातात."

"पट्टीला न लावता टेपवर विश्वास ठेवलास कधी?"

"नाही."

"मग ती पेटी कोणत्या पट्टीला लावून बघितलीस?"

ताईने कूस बदलली नाही की डोळे मिटले नाहीत. शेवटी म्हणाली, "त्यांच्या पेटीवर करून दाखव. मला ऐकीव नको. आणि तुझ्या तोंडून तर नकोच, तू काहीही करशील मला जगवायला. तिथल्या कुणीतरी सांगितलं पाहिजे."

रविवारी धाकटी हॉलवर गेली. आज दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ताईच्या खुर्चीवर काही ठेवलेलं नव्हतं. धाकटी तिथेच बसली. तिच्या आणि काकूंच्या मधे निळा टॉवेल.

"तुमची ताई नाही आली?" काकूंनी विचारलं.

"हॉस्पिटलात आहे. हृदय ठोके चुकवतंय."

काकूंचा हात टॉवेलावर गेला. "यांचंही तसंच झालं होतं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी घरभर शोधली हो बिस्किटं. कपाटं शोधली, कोटाचे खिसे शोधले. एक चुरा सापडला नाही. माणूस गेला आणि मी त्याचे खिसे तपासत बसले."

बाबांचं तेच चाललं होतं. डॉक्टर, पुस्तक, लग्न. हॉल त्याच जागी हसला. मग फूटपट्टी, दगड, रुमाल. "मेलेल्याला ही ओळखत नाही."

"बाबा," धाकटी उठली. "ओला रुमाल ठेवून बघू का?"

"बाळ, तुझी पाळी आली की हात ठेव."

"हात नकोत. रुमालच. तुमच्या त्या शुद्धीच्या पाण्यात भिजवून."

"ते पाणी देहासाठी आहे, कपड्यांसाठी नाही. धोब्याकडे जा." लोक हसले. पूडवाली बाई भांड्यासमोर आडवी आली.

तेवढ्यात काकू उठल्या. टॉवेल त्यांच्या हातात होता. लहानशा चणीची म्हातारी. तिला कोण अडवणार. पूडवालीला बाजूला न सारताच, तिच्या हाताखालून, त्यांनी टॉवेलाचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवलं. पिळलं. फळीवर टेकून दोन्ही पत्र्यांवर पसरलं, मेजावर जेवायच्या आधी कापड पसरतात तसं.

सुई पंधराशेच्या पलीकडे गेली आणि कडेच्या खिळ्यावर थडकून थरथरत राहिली.

मग बाबांनी हात जोडले.

"बघा," ते भरल्या आवाजात म्हणाले. "मास्तर गेले, पण त्यांचा अग्नी अजून या टॉवेलात आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी खरोखरच उसासा टाकला. दोघातिघांनी हात जोडले. असा माणूस हरत नसतो, तिला वाटलं. जे समोर ठेवाल त्याचा तो प्रसाद करतो.

काकू वळल्या. "पंधराशेच्या वर?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या टॉवेलात पंधराशेचा अग्नी होता, तर त्यांना चारशे ऐंशी का दिलेत?"

बाबा टॉवेल उचलायला वाकले, पण काकूंनी तो आधीच उचलून घेतला.

"काका, जरा या," धाकटीने बेकरीवाल्याला हाक मारली. तो आला, कदाचित पाय आपोआप उचलले गेले असतील. तिने स्वतः मूठभर पूड घेऊन त्याच्या हातांना चोळली आणि हात पत्र्यांवर ठेवायला लावले. पाचशे वीस. मग हात पाण्यात बुडवायला लावले. हजार नव्वद. पुन्हा पुसून पूड. पाचशे दहा. बेकरीवाला सुईकडे नाही, आपल्या तळव्यांकडे बघत होता.

"हे तांबं आहे आणि हे जस्त," धाकटी म्हणाली. "मधे ओलं, खारट काहीही ठेवा. हात, टॉवेल, बटाटा, भांड्याचा स्पंज. सुई चढेल. पूड ओलावा अडवते, सुई उतरते. बाबांना तुम्हाला खाली आणायचं असलं की पूड, वर न्यायचं असलं की पाणी. यात भूक कुठेच मोजली जात नाही. वजन कमी करायचं असेल तर करा, डॉक्टरला विचारून करा, खर्चापेक्षा थोडं कमी खाऊन करा. पण नुसतं जिवंत पडून राहायलाही तुमच्यातल्या प्रत्येकाला हजाराच्या आगेमागे कॅलरी लागतात. त्याच्या निम्म्यात कुणी तुम्हाला ठेवत असेल तर तो चरबी म्हणून तुमचं मांस काढून घेतोय. माझं ऐकू नका. घरी जाऊन करून बघा. सुई हलली की एवढंच विचारा, ही आणखी कशाकशाने हलते?"

"या मुलीची बहीण चोरून खाते," बाबा म्हणाले. "तिनेच कबूल केलंय. सगळ्यांनी ऐकलंय."

"मीही कबूल केलं होतं," बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "एका पावाचं. खाल्ला नव्हता. घरी बायकोला म्हणालो, मलाच आठवत नसेल."

त्यानंतर आणखी कुणी काही कबूल केलं नाही. काही जण उठून गेले. काही जण बसून राहिले. पूडवाली बाई टेबल पुसत होती. धाकटी जिन्यापाशी पोचली तोवर बाबांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. ते परीक्षेबद्दल काहीतरी सांगत होते, श्रद्धेच्या परीक्षेबद्दल, आणि ऐकणारे अजून निम्म्याहून जास्त होते.

काकू तिच्यामागोमाग खाली आल्या. "कुठल्या हॉस्पिटलात आहे ताई?" त्यांनी विचारलं.

वॉर्डात ताईने काकूंना पाहिलं आणि उठून बसायचा प्रयत्न केला. काकूंनी तिला परत निजवलं, पलंगाच्या कडेला बसल्या आणि टॉवेल मांडीवर घेतला. त्याचं एक टोक अजून दमट होतं.

"मी ठेवला, पोरी. माझ्या हाताने ठेवला, त्यांच्याच पेटीवर. सुई पार टोकाला गेली."

ताई टॉवेलाकडे बघत राहिली. "मेलेल्याला ओळखत नाही म्हणाले होते," ती म्हणाली.

"तेच म्हणाले होते." काकूंनी तिचा हात हातात घेतला. "ते केळं तू खाल्लं नव्हतंस ना?"

"नाही हो काकू."

"यांनीही बिस्किटं खाल्ली नव्हती." काकू हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या. त्यांनी तेच आणखी एकदा म्हटलं, भिंतीकडे बघून, जणू तिथे कुणीतरी हे ऐकायची वाट बघत होतं.

संध्याकाळी ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सातशेपासून सुरू करायचं म्हणता. म्हणजे बाबांच्यासारख्याच आकड्यापासून?"

"तो तुम्हाला तिथून खाली नेत होता. मी वर नेणार आहे. आणि रोज तुमचं रक्त तपासून, माझ्या मनाने नाही."

"तुमचं यंत्र तपासता का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "दर सोमवारी," त्या म्हणाल्या.

ताईने अर्धा कप दूध घेतलं. अर्ध्यात ती थांबली, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि धाकटीला वाटलं की आता कप परत येणार. पण ती फक्त श्वास घ्यायला थांबली होती. मुठीएवढा डबा त्या दिवसापासून धाकटीच्या प्रयोगशाळेत आहे. त्यात ती तांब्याच्या पट्ट्या ठेवते.

आकडेबाबांचा हॉल बंद झाला नाही. खुर्च्या कमी झाल्या, पेटीचा रंग बदलला. बेकरीवाला म्हणतो, आता तिथे हात नाही, कपाळ टेकवायला लावतात. तो रविवारी जिन्याच्या तोंडाशी एक टेबल टाकून बसतो, टेबलावर दोन पत्रे, एक मीटर आणि एक बटाटा. वर जाणाऱ्यांतले काही थांबतात.

ताईच्या पायांची सूज ओसरली, हळूहळू, आणि सुजेबरोबर त्या पाण्याचं वजनही गेलं. दोन महिन्यांनी सर्जनने तिला तपासणीला बोलावलं, वजनाचा अडुसष्ट आणि पकडीचा वीस हे दोन आकडे बघायला. धाकटी सोबत होती. नर्सने ताईला काट्यावर उभं केलं, मग खुर्चीत बसवून मुठीत दांडा दिला. ताईने दात आवळले, खांदा उचलला, सगळं अंग त्या एका मुठीत आणलं. नर्सने तीनदा घेतलं आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहिला.

वजन, सदुसष्ट किलो नऊशे ग्रॅम. उजव्या हाताची पकड, अकरा किलो.